गोदावरी नावाची युद्धनौका आणि उसाची ट्रॉली

मराठवाड्याला समुद्र नाही. आमचा सागर म्हणजे पैठणचा नाथसागर, आणि तो भरला तरी त्याची बातमी होते. असं असूनही माझ्या भाच्याला नौदलात जायचंय. छत्रपती संभाजीनगरला एसपीआय आहे, १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी तयार करणारी राज्य सरकारची संस्था. तिथं प्रवेश मिळावा म्हणून त्याचा अभ्यास चालू आहे. दिवाळीला परभणीला आला तेव्हा वही घेऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "मामा, तुशील ही युद्धनौका आपल्या नौदलाची ना? मग ती रशियात कशी दाखल झाली? अन् रशियानं बांधली तर तिच्यात इंजिन युक्रेनचं कसं काय?"

दोन प्रश्नांत त्यानं एका मोठ्या विषयाची शेपूट पकडली होती. एका देशानं तयार केलेला युद्धनौकेचा आराखडा दुसरा देश विकत घेतो, तेव्हा नेमकं काय विकलं जातं? काय बदलता येतं, काय बदलायला गेलं की अंगाशी येतं? त्याला सांगताना मला जसं सुचत गेलं तसंच इथं लिहितोय.

फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराची, सगळ्या कामाला जुंपता येणारी युद्धनौका. व्यापारी जहाजांना सोबत करायची, पाण्याखालची पाणबुडी हुडकायची, अंगावर येणारं क्षेपणास्त्र हवेत पाडायचं, वेळ आली तर शत्रूच्या जहाजावर आपलं सोडायचं. तिच्याहून मोठी ती विनाशिका, लहान ती कॉर्व्हेट, अशी एक ढोबळ उतरंड आहे. आता तीही पुसट झाली आहे. ब्रिटनच्या 'टाइप २६' या एकाच आराखड्यावरून ऑस्ट्रेलिया जे बांधतो त्याला तो फ्रिगेट म्हणतो, आणि कॅनडा विनाशिका म्हणतो.

असा आराखडा कोऱ्या कागदावरून काढणं फार थोड्या देशांना जमतं. जहाजाच्या पोटाचा आकार ठरवायचा, लहान प्रतिकृती करून पाण्याच्या टाकीत ओढून बघायच्या, शेकडो खोल्या, मैलोगणती केबल, शस्त्रं, इंधन, माणसं हे सगळं एका पोलादी पेटीत बसवायचं आणि वर ती पेटी तीस वर्षं खाऱ्या पाण्यात टिकली पाहिजे. त्यामुळे ज्याच्याकडे आराखडा आहे तो विकतो. त्याचा खर्च वाटला जातो, त्याच्या गोदीला काम मिळतं. घेणाऱ्याची आयुष्यातली दहा-पंधरा वर्षं वाचतात. कोणी पूर्ण जहाज तिकडेच बांधून घेतो, कोणी नुसती रेखाचित्रं आणून आपल्या गोदीत बांधतो, कोणी पहिली दोन-तीन तिकडे आणि पुढची घरी असा मधला रस्ता धरतो.

घेणारा देश जशीच्या तशी मात्र सहसा घेत नाही, आणि खरा पेच तिथं सुरू होतो.

हे समजावायला मी भाच्याला वसमत रोडवरच्या एका ट्रॉली बनवणाऱ्या मिस्त्रीकडे नेलं. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला होता, वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. अंगणात एकाच मापाच्या चार चेसी उभ्या होत्या, निळा प्रायमर मारलेल्या. मी विचारलं, गिऱ्हाईक काय काय बदलून मागतं? मिस्त्रीनं काच वर केली अन् बोटांवर मोजलं: कोणाला फाळके उंच पाहिजेत, कोणाला मागचं फाळकं खाली पडणारं, कोणाला डंपिंगचा जॅक, कोणाला मागं आणखी एक ट्रॉली जोडायला हुक. "ते सगळं करून देतो की," तो म्हणाला. "पण एखादा म्हणतो एक्सल मागं सरकवा, चेसी फूटभर वाढवा. मग मी सांगतो, दादा, ही माझी ट्रॉली ऱ्हाईली नाही. ही नवीनच झाली. तिचा भाव येगळा अन् कधी हुईल ते मला इचारू नका."

भाच्यानं ते वहीत लिहून घेतलं. मला विचाराल तर साऱ्या जगाच्या फ्रिगेट-व्यवहाराची किल्ली त्या वाक्यात आहे.

आता चेसी का बदलावी लागते ते बघा. ऊस भरलेली ट्रॉली वळणावर कलंडते ती ऊस जास्त भरला म्हणून नाही, उंच भरला म्हणून. तेवढंच वजन सिमेंटच्या पोत्यांचं असतं तर ट्रॉली निवांत वळली असती. जहाजाचंही तसंच. लाटेनं ते एका अंगाला झुकलं की त्या अंगाचं पाणी त्याला परत उभं करायला रेटतं. वजन खाली असलं की रेट्याला चांगली तरफ मिळते. वजन वर गेलं की तरफ आखूड होते, आणि एका मर्यादेनंतर जहाज परत उभंच राहत नाही. आता रडार कुठं बसतं? सगळ्यात उंच, डोलकाठीवर. कारण जितकं उंच तितकं लांबचं दिसतं. म्हणजे गिऱ्हाइकानं "आमचं मोठं रडार बसवा" म्हटलं, तर ते उसाच्या सगळ्यात वरच्या मोळीसारखं असतं. ते पेलायला खाली वजन वाढवा किंवा पोट रुंद करा. वजन वाढलं की जहाज पाण्यात जास्त बुडतं, पळायला जास्त जोर लागतो, जास्त इंधन लागतं, इंधनाला जागा लागते. एक गोष्ट हलवली की दहा हलतात.

दुसरी अडचण विजेची, ती आपल्याकडे कोणालाही पटकन कळेल. रब्बीत सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या की डीपी जळते. फ्रिगेटवर वीज बनवणारी जनित्रं ठरावीक असतात. नव्या धाटणीची रडारं, संगणक आणि जॅमर वीज पितात, शिवाय तापतात. त्यांना गार ठेवायला थंड पाण्याचे नळ फिरवावे लागतात, आणि ते पाणी गार करायलाही वीजच लागते. म्हणून शहाणा आराखडाकार सुरुवातीलाच वजनात, विजेत आणि थंडाव्यात थोडी शिल्लक ठेवतो. परदेशी गिऱ्हाईक जे काही वाढवतं ते त्या शिल्लकीतून जातं. ती संपली की एक्सल सरकवायची वेळ आली.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. रडारला दिसलं ते क्षेपणास्त्राला कळलं पाहिजे, आणि मधे सगळ्याचा हिशेब ठेवणारी एक संगणक प्रणाली असते. रडार एका देशाचं, क्षेपणास्त्र दुसऱ्याचं, प्रणाली तिसऱ्याची असली तर त्यांची एकमेकांशी बोली जुळवण्यात वर्षं जातात. आतला प्रोग्रॅम कोणाच्या हातात आहे, हा करारातला सगळ्यात अवघड मुद्दा असतो, कारण तो नसेल तर पुढं आपलं नवं शस्त्र जोडायलाही विकणाऱ्याचं दार ठोठवावं लागतं.

विकणाराही हातचं राखून देतो. १९८७ पासून एमटीसीआर नावाची एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. ५०० किलो वजन ३०० किलोमीटर किंवा त्याहून लांब नेऊ शकणारी क्षेपणास्त्रं दुसऱ्या देशाला देऊ नयेत, असं तिच्या सभासदांनी ठरवलं. रशिया सभासद होता, भारत २०१६ मध्ये झाला. ब्रह्मोसचा पल्ला सुरुवातीला २९० किलोमीटर सांगितला जायचा तो याच मर्यादेमुळे. निर्यातीच्या शस्त्रांचे आकडे तीनशेच्या अलीकडे का थांबतात, ते यावरून कळतं.

टाइप २६ ची पोरं किती वेगवेगळी निघाली ते पाहण्यासारखं आहे. मूळ जहाज ब्रिटननं स्वतःसाठी, मुख्यतः पाणबुडी शोधण्यासाठी केलं. पहिल्या एचएमएस ग्लासगोचं पोलाद २०१७ मध्ये कापलं. पाणबुडी शोधायची तर स्वतः गप्प राहावं लागतं, म्हणून सावकाश फिरताना ती नुसत्या विजेच्या मोटारींवर चालते आणि पळायचं असेल तेव्हाच मोठं गॅस टर्बाइन चालू होतं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियानं आणि पाठोपाठ कॅनडानं हाच आराखडा निवडला. ऑस्ट्रेलियानं त्यावर स्वतःचं, कॅनबेरात बनणारं रडार चढवलं, अमेरिकेची एजिस प्रणाली घातली आणि मोठ्या क्षेपणास्त्रांच्या उभ्या नळ्या ब्रिटनच्या २४ वरून ३२ केल्या. वजन चांगलंच वाढलं. नऊ नौका ठरल्या होत्या, २०२४ च्या फेरआढाव्यात त्या सहावर आल्या. कॅनडानं वेगळं अमेरिकी रडार घेतलं आणि हॅलिफॅक्सच्या गोदीत १५ नौकांचा बेत धरला. पोट एकच, डोकी तीन.

मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेनं याच जातीच्या किमान पाच घ्यायचं ठरवलं आणि उलट अट घातली: आमच्या नौका ब्रिटनच्या नौकांसारख्याच असू द्या, शक्य तितक्या हुबेहूब. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियानंही आपल्या जुन्या ॲन्झॅक फ्रिगेट्सच्या जागी जपानच्या सुधारित मोगामी जातीच्या ११ नौका निवडल्या, पहिल्या तीन जपानमध्येच बांधायच्या आणि फेरफार शक्यतो टाळायचे असं ठरवून. एका घरानं एकदा पोळल्यावर दुसऱ्यांदा ताक फुंकून प्यायलं, असंच मी याला म्हणेन. (त्या ॲन्झॅकही मुळात जर्मनीच्या मेको जातीवरून केलेल्या. मेकोची ख्यातीच अशी की शस्त्रं आणि यंत्रं ठरावीक मापाच्या पेट्यांत बसवायची. तुर्कस्तानपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत कितीतरी देशांनी ती आपापल्या पद्धतीनं घेतली.)

पोळण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मात्र अमेरिकेचं. इटली आणि फ्रान्सनं मिळून 'फ्रेम' नावाची फ्रिगेट केली. समुद्रात तपासलेली, मोरोक्को आणि इजिप्तला विकली गेलेली. अमेरिकेनं २०२० मध्ये तिचा इटालियन आराखडा घेतला, कारण तयार आराखडा घेतला की वेळ वाचेल. सुरुवातीला म्हटलं होतं की मूळ आराखड्यातलं ८५ टक्के तसंच राहील. पण अमेरिकी नौदलाचे तगून राहण्याचे नियम वेगळे, रडार वेगळं, प्रणाली वेगळी. जहाज सुमारे सात मीटर लांब झालं, वजन साडेसातशे टनांहून जास्त वाढलं, आणि शेवटी मूळ जहाजाशी साम्य १५ टक्क्यांच्याही खाली आलं. आराखडा पुरा व्हायच्या आधीच बांधणी सुरू झाली होती. पहिलीच नौका तीन वर्षं मागे पडली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नौदलानं बांधणी सुरू असलेल्या पहिल्या दोन सोडून पुढच्या रद्द केल्या. एवढा पैसा, एवढे अभियंते, पण मिस्त्रीनं सांगितलेली गोष्ट त्यांनाही चुकली नाही.

आता भाच्याचा प्रश्न.

तुशील तलवार जातीची, आणि त्या जातीचं मूळ सोव्हिएत काळातल्या एका फ्रिगेटमध्ये आहे. १९९७ मध्ये भारतानं रशियाकडे तीन नौका मागितल्या. आयएनएस तलवार, त्रिशूल आणि तबर २००३-०४ मध्ये आल्या. पुढच्या तीन, तेग, तरकश, त्रिकंद, कालिनिनग्राडच्या यांतर गोदीत बांधल्या आणि २०१२-१३ मध्ये आल्या. पहिल्या तिघींवर रशियाचं क्लब क्षेपणास्त्र होतं, या तिघींवर आपलं ब्रह्मोस. सगळी नावं 'त' वरून, आणि बहुतेक हत्यारांची: तबर म्हणजे परशू, तरकश म्हणजे बाणांचा भाता.

मग झालं असं की ही नौका रशियालाच आवडली. भारतासाठी सुधारलेल्या आराखड्यावरून त्यांनी आपल्या काळ्या समुद्राच्या ताफ्यासाठी सहा नौका बांधायला घेतल्या. निर्यातीचा माल फिरून मालकाच्या घरी आला, हे फार वेळा घडत नाही. पण तिच्या पोटातली गॅस टर्बाइनं युक्रेनमधल्या मिकोलाइव्ह शहरात बनत. सोव्हिएत संघ एक होता तोवर हे एकाच घरातलं काम होतं. २०१४ मध्ये रशियानं क्रिमिया घेतला आणि युक्रेननं टर्बाइनं द्यायची बंद केली. तीन नौकांची इंजिनं तोवर मिळाली होती. उरलेल्या तिघींचे सांगाडे इंजिनाविना गोदीत उभे राहिले.

भारतानं त्यातले दोन सांगाडे घेतले. इंजिनं युक्रेनकडून आपण विकत घेतली आणि रशियाच्या गोदीत पोचवली, कारण युक्रेन रशियाला देणार नव्हता, भारताला देत होता. दोन्ही देशांत २०२२ पासून उघड युद्ध पेटलेलं असताना कालिनिनग्राडमध्ये ही जहाजं पुरी होत होती. ९ डिसेंबर २०२४ ला आयएनएस तुशील आणि १ जुलै २०२५ ला आयएनएस तमाल तिथंच नौदलात दाखल झाली. तमाल ही परदेशात बांधून घेतलेली आपली शेवटची युद्धनौका असेल, असं नौदलानं सांगितलंय. याच जातीच्या आणखी दोन, त्रिपुट आणि तवस्य, रशियाकडून मिळालेल्या आराखड्यावरून गोवा शिपयार्डमध्ये बांधल्या जात आहेत. दोन्ही पाण्यात उतरल्यात.

"म्हंजे इंजिनचा पार्ट पाहिजे असला तर अजूनबी युक्रेनलाच इचारायचं?" भाच्यानं विचारलं. नेमका हाच प्रश्न घेणाऱ्यानं पहिल्या दिवशी विचारायचा असतो. जहाजाची किंमत एकदाच मोजतात, सुटे भाग तीस वर्षं लागतात.

तो जरा हिरमुसला. म्हणजे आपण कायम दुसऱ्याच्याच चेसीवर? मग मी त्याला त्याच्या आजोळच्या नदीची गोष्ट सांगितली.

१९६८ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीत पहिली आयएनएस नीलगिरी पाण्यात उतरली आणि १९७२ मध्ये नौदलात आली. आराखडा ब्रिटनचा, लिअँडर जातीचा. तेव्हाची ती सगळ्यात गाजलेली निर्यात-फ्रिगेट; न्यूझीलंड, चिली, नेदरलँड्स अशा देशांनी घेतलेली. आपण तशा सहा बांधल्या. पहिली बांधताना बहुतेक सगळं तिकडून सांगतील तसं. पुढच्या बांधताना एकेक यंत्र देशात बनू लागलं आणि शेवटच्या दोघींवर, तारागिरी आणि विंध्यगिरीवर, मोठं सी किंग हेलिकॉप्टर बसेल असा फेरफार आपल्या लोकांनी केला. फाळके बदलता बदलता हात बसला.

मग त्यांनी एक्सलला हात घातला. लिअँडर ११३ मीटर लांब होती. आपल्या आराखडाकारांनी ती रेषा धरून साडेबारा-तेरा मीटरनं वाढवली, बॉयलर आणि वाफेची टर्बाइनं तीच ठेवली, तरी वेगात फारशी घट होऊ दिली नाही. जागा कशाला? दोन सी किंगसाठी. एवढ्या आकाराच्या फ्रिगेटवर दोन मोठी हेलिकॉप्टरं ही तेव्हा अचंब्याची गोष्ट होती. त्यावर सोव्हिएत क्षेपणास्त्रं आणि तोफा, इटलीचे टॉर्पेडो, भारतात बनलेलं रडार आणि पाण्याखालची पाणबुडी आवाजावरून हुडकणारं सोनार यंत्र. ब्रिटिश धाटणीच्या जहाजातली वीज एका जातीची, सोव्हिएत यंत्रांना लागणारी दुसऱ्या जातीची. ती जुळवायची, रशियन, इंग्रजी आणि इटालियन कागद एकाच टेबलावर वाचायचे, कोणती कंपनी कोणाला काय सांगू देते ते सांभाळायचं. त्या काळात, संगणकाच्या फारशा मदतीशिवाय, हे ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ती नौका १० डिसेंबर १९८३ ला नौदलात आली आणि ३२ वर्षं सेवा करून डिसेंबर २०१५ मध्ये निवृत्त झाली.

तिचं नाव आयएनएस गोदावरी.

भाच्याला हे माहीत नव्हतं. गंगाखेडला त्याच्या आजीच्या घरापासून घाट चालत दहा मिनिटांवर आहे. पोहायला तो तिथंच शिकला. त्यानं वही मिटली आणि विचारलं, "किती लांब होती म्हणला, मामा?"

दुसऱ्या दिवशी आम्ही शेतात तीस मीटरचा टेप घेऊन गेलो. धुऱ्याच्या या टोकाला बाभळीशी टेप धरला आणि मोजत निघालो. ११३ मीटरवर एक दगड, ती जुनी नीलगिरी. १२६ वर दुसरा, ती गोदावरी. त्यानंतरची १४९ मीटरची: १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत दाखल झालेली नवी नीलगिरी. नाव आजीचं, पण आराखडा नौदलाच्या स्वतःच्या कचेरीतला, बांधणी त्याच माझगाव गोदीतली. आमचा धुरा एकशे चाळीसलाच संपतो. तिसरा दगड ठेवायला भाचा शेजाऱ्याच्या तुरीत उतरला. तूर फुलावर होती, म्हणून एकेक ओळ हातानं बाजूला करत, जपून पाय टाकत गेला.